होलो नाइट की सेलेस्ट? मेल्यावर किती चालायला लावावं

उलटी_उडी
दोन्ही व्हिडिओ गेम संपवून झाले. सेलेस्ट दुसऱ्यांदा, होलो नाइट पहिल्यांदाच (तोही मध्ये आठ महिने अडगळीत टाकून). इंडी खेळांत सुरुवात कुठून करू असं कुणी विचारलं की ही दोन नावं एका दमात सांगितली जातात, जणू सख्खी भावंडंच. माझ्या मते दोघांचं एका महत्त्वाच्या मुद्द्यावर हाडवैर आहे, म्हणून हा धागा. स्पॉइलर येतील. ज्यांना नको त्यांनी इथूनच मागे फिरा.

न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. होलो नाइट फेब्रुवारी २०१७ चा. टीम चेरी, ऑस्ट्रेलियातलं ॲडलेड, मुख्यतः एरी गिब्सन आणि विल्यम पेलन ही दोन माणसं. संगीत क्रिस्टोफर लार्किनचं. किकस्टार्टरवर (लोकांकडून पैसे गोळा करायची साइट) ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले होते, ५७ हजारांच्या वर जमले. सेलेस्ट जानेवारी २०१८ चा. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी आधी पिको-८ वर (छोटे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर) चार दिवसांत एक चिमुकला खेळ केला, त्याचा पुढे हा डोंगर झाला. तो मूळ खेळ तिसऱ्या चॅप्टरमध्ये लपवलेला आहे, सापडला नसेल तर शोधा.

आता मुद्दा. दोन्ही खेळांत तुम्ही शेकड्यांनी मरता. सेलेस्टमध्ये मेलात की डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याच खोलीच्या तोंडाशी उभे. होलो नाइटमध्ये मेलात की शेवटच्या बेंचवर (जिथे बसलं की खेळ सेव्ह होतो). जवळचे सगळे जिओ (तिथले पैसे) गेले, सोलचं (जखमा भरायच्या शक्तीचं) भांडं तडकलं, आणि जिथे मेलात तिथे तुमचीच काळी सावली तुमची वाट बघत तरंगतेय. तिला गाठून मारायच्या आत पुन्हा मेलात तर जिओ कायमचे गेले.

सोल मास्टर या बॉसवर मी आठ महिने रुसले ते यामुळे. पहिल्यांदा त्याला पाडलं, कंट्रोलर मांडीवर टाकला, हुश्श केलं, आणि तो मेलेला मेला जमीन फोडून परत अंगावर. मेले. मग बेंचपासून पुन्हा ती अख्खी चढण. वाटेत ते सोल ट्विस्टर, इथून गायब होऊन तिथे उगवणारे, मागे लागणारे गोळे सोडणारे. त्यांच्यात दोन मास्क (म्हणजे जीव) घालवून मी पाचातले तीन घेऊन बॉससमोर जायचे आणि मिनिटभरात परत बेंचवर यायचे. लढाईपेक्षा चाल मोठी. हा खेळाचा सरळसरळ दोष आहे आणि चाहते त्याला गुण म्हणून खपवतात, असं माझं मत. बोला.

बाकावरचा_किडा
बोलतो. खपवत नाही, खरंच गुण आहे.

तुम्ही म्हणता पाचातले तीन घेऊन पोचायचे. पण चौथ्या-पाचव्या खेपेला तुम्ही ट्विस्टरशी लढत होता का? मी नव्हतो. कुठला कुठे उगवतो, कुठल्या फळीवरून डॅश (झटक्यात झेप) मारला की गोळा डोक्यावरून जातो, हे अंगात भिनलं होतं. बॉस अजून हरला नव्हता, पण त्याच्याकडे जाणारा रस्ता मी जिंकला होता. ती मजा सेलेस्टमध्ये नाही, कारण तिथे मागे सोडलेल्या खोलीशी तुमचा संबंधच संपतो.

आणि हॅलोनेस्ट, होलो नाइटमधलं ते राज्य, जागा म्हणून जी डोक्यात बसते ती या पायपिटीमुळेच. त्यातल्या सिटी ऑफ टिअर्स या शहरात पाऊस कधी थांबत नाही. जमिनीच्या एवढं खाली पाऊस कसा, हा प्रश्न मला पडलाच नव्हता, खेळात असतात तसं वातावरण म्हणून सोडून दिलं होतं. पुढे रेस्टिंग ग्राउंड्सच्या बाजूने भटकताना ब्लू लेक लागलं. शांत, निळं, मोठ्ठं तळं. तिथे उभा राहून मॅप उघडला आणि बघतो तर शहर बरोबर त्याच्या खाली. तळं गळतंय! कुणी बोट धरून नेलं नाही, कामगिरी नाही. गेली पंधरा तास मी ज्यात भिजत होतो त्याचं मूळ मी स्वतःच्या पायांनी शोधलं.

हे असं व्हायला आधी त्या शहरातून पन्नास वेळा जावं लागतं. फुकटात होत नाही.

साडेतीन_बटणं
दोघांचंही वाचतोय, पण माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्या उजव्या मनगटाची दुखणी जुनी आहेत. अर्ध्या तासापुढे अंगठा ऐकत नाही, म्हणून हे नाव.

सेलेस्ट हा दोघांतला बोटांना जास्त कठीण खेळ. भिंत धरून ठेवायला एक बटण, उडीला एक, डॅशला एक, आणि दिशा आठ. तरी संपवला तो मी सेलेस्टच. असिस्ट मोडमध्ये खेळाचा वेग दहा-दहा टक्क्यांनी उतरवत पन्नासपर्यंत आणता येतो. मी बहुतेक डोंगर सत्तरवर चढलो. दम न संपण्याची सोय आहे, जादा डॅश आहेत, अगदीच हात टेकले तर मरणच बंद करता येतं. ते मी एकदाच केलं, पाचव्या चॅप्टरमध्ये, आणि त्याची लाज वाटत नाही. मुख्य म्हणजे खेळ तोंड वाकडं करत नाही. शेवट तोच, कथा तीच.

होलो नाइटमध्ये यातलं काही नाही. सोपं-मध्यम-कठीण अशी निवडच नाही. चार्म (अंगावर लावायचे ताईत) बदलून थोडं इकडे-तिकडे करता येतं, हे मान्य. पण क्विक फोकस (जखमा लवकर भरणारा चार्म) लावला तरी बॉस तेवढ्याच वेगाने येणार. मी मँटिस लॉर्ड्स या बॉसपर्यंत पोचलो आणि तिथेच थांबलो. खेळ आवडला नाही म्हणून नाही. किडाभाऊ, तुमचं ते तळं मी अजून पाहिलेलं नाही. आता इथे वाचलं.

बाकावरचा_किडा
अरे. सॉरी. स्पॉइलरचा इशारा वर होता खरा, पण तरी वाईट वाटलं.

तिसरा_डाव
मी आपली व्यवहाराची बाजू मांडते. माझ्याकडे खेळायला सलग वेळ असा नसतोच. पोर झोपलं की वीस मिनिटं, ते उठलं की संपलं.

सेलेस्ट या वीस मिनिटांत चपखल बसतो. चार खोल्या झाल्या, बंद. दुसऱ्या दिवशी पाचव्या खोलीपासून सुरू. होलो नाइट मधेच बंद केला तर गोळा केलेलं जात नाही, पण उघडल्यावर तुम्ही शेवटच्या बेंचवर असता. म्हणजे नवीन भागात दूरवर आलेय, बेंच अजून सापडलेला नाही आणि आतून रडण्याचा आवाज आला, की वीस मिनिटं पाण्यात. मॅपसुद्धा बेंचवर बसल्यावरच भरतो, त्यामुळे काय पाहिलं तेही कागदावर नाही.

उलट बाजूही सांगते. याच गोष्टीचा लोक उपयोग करून घेतात. एखाद्या दूरच्या बिळात अडकलात आणि परत यायचा कंटाळा आला, की सरळ सेव्ह करून बाहेर पडायचं आणि परत यायचं, थेट बेंचवर. ही चोरवाट वापरल्याशिवाय मी तो खेळ संपवू शकले नसते.

शून्यावर_बाद
सगळे सेलेस्टला डोक्यावर घेतायत म्हणून मुद्दाम उलटं लिहितो. (मुद्दाम म्हणजे खोटं नाही.)

माझी सेलेस्टमधली मरणं दोन हजारांच्या पुढे. त्यातलं एक आठवत नाही. एकही नाही! मरणाला किंमत शून्य, म्हणून प्रयत्नालाही शून्य. एका खोलीत साठ वेळा तेच तेच करत राहायचं, एकसष्टाव्या वेळी बोटं आपोआप बरोबर पडतात आणि पुढची खोली. शिकलो की सवय लागली, मला फरक कळत नाही. खेळ म्हणतो मरणांच्या आकड्याचा अभिमान बाळगा. ठीक आहे, बाळगतो.

होलो नाइटमधली मरणं मला तारीखवार सांगता येतील. सावलीकडे साडेतीन हजार जिओ आहेत आणि मी एका मास्कवर आहे, तेव्हा साधा भुंगा बघूनही तळहाताला घाम येतो. तोच भुंगा, ज्याला सकाळी मी न बघता उडवला होता. शत्रू बदललेला नसतो, पणाला काय लावलंय ते बदललेलं असतं.

दुसरं, कथा. सेलेस्ट सगळं बोलून दाखवतो. नायिका मॅडलिनला अस्वस्थतेचे झटके येतात, मग कुणीतरी समजावतं, मग ती समजते, मग ती तेच आपल्याला सांगते. होलो नाइटचा नायक शेवटपर्यंत एक अक्षर बोलत नाही, आणि तो का बोलत नाही हीच तर कथा आहे.

उलटी_उडी
@शून्यावर_बाद, पहिला मुद्दा झोंबला, कारण थोडा खरा आहे. पण "प्रयत्नाला किंमत शून्य" हे चूक. सेलेस्ट मेल्यावर शिक्षा करत नाही, कारण मरायच्या आधीच त्याने तुम्हाला भरपूर सांभाळून घेतलेलं असतं. नोएल बेरीने मॅडलिनच्या हालचालीचा कोड सगळ्यांसाठी खुला केलाय, त्यात दिसतं. कडेवरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडी मारता येते, यालाच कायोटी टाइम म्हणतात. जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलंत तरी ते वाया जात नाही, टेकल्या टेकल्या उडी लागते. उडताना डोकं कोपऱ्याला थोडंसं आपटलं तर खेळ तुम्हाला गुपचूप बाजूला सरकवून वर जाऊ देतो. आणि काटे! काट्यांच्या दिशेने जात असाल तरच ते मारतात, त्यांच्यापासून दूर जाताना चाटून गेलात तर चालतं.

म्हणजे "थोडक्यात हुकलं" अशा बऱ्याचशा उड्या सेलेस्टने तुमच्या बाजूने निकालात काढलेल्या असतात. तरीही मेलात म्हणजे चूक खरंच तुमची होती. म्हणून राग येत नाही. हे काम इतकं गुपचूप चालतं की मला पहिल्या वेळी आपण फार भारी खेळतोय असं वाटलं होतं.

होलो नाइटमध्ये मला राग येतो तो मरणाचा नाही, पुन्हा बॉससमोर उभं राहायला लागणाऱ्या वेळेचा. बॉसने नेमकं काय केलं हे डोक्यात ताजं असताना परत त्याच्यासमोर हवं. मी तिथवर पोचेपर्यंत अर्धं विसरलेली असते.

बाकावरचा_किडा
मग मँटिस लॉर्ड्स बघा. बेंच त्याच गावात आहे, फार लांब नाही. आधी एकटी उतरते, तिला पाडलं की उरलेल्या दोघी एकदम. माझ्या मते अख्ख्या खेळातली सर्वात स्वच्छ लढाई. प्रत्येक वाराआधी खूण, प्रत्येक खुणेला एकच उत्तर, नशिबाचा भाग जवळजवळ नाही.

पण मला सांगायचंय ते लढाईनंतरचं. जिंकल्यावर त्या वाकून नमस्कार करतात. मी परत वर निघालो, नेल (नायकाची तलवार) उपसून, कारण येताना त्या गावातल्या मँटिसांनी माझी चामडी लोळवली होती. पहिली दिसली. थांबली. वाकली. पुढची, तीही वाकली. कुणीच वार करत नव्हतं. ज्या वाटेवर मी दहा वेळा मेलो तीच वाट आता मला मान देत होती. उलटी_उडी, ती पायपीट आधी केलेली नसती तर त्या वाकण्यात काय होतं?

साडेतीन_बटणं
छळ करताय राव तुम्ही. मी तिथेच तर थांबलोय.

तिसरा_डाव
@शून्यावर_बाद यांच्या कथेच्या मुद्द्यावर. पिसाचा प्रसंग नीट आठवा. चौथ्या चॅप्टरच्या शेवटी गोंडोला मध्येच अडकतो, मॅडलिनचा श्वास अडतो, आणि तिचा मित्र थिओ तिला सांगतो की एक पीस तरंगतंय अशी कल्पना कर. ते पीस चौकटीत तरंगत ठेवायचं काम आपल्यालाच करावं लागतं, बटण दाबायचं आणि सोडायचं, श्वासाच्या लयीत. मी नकळत स्वतः तसा श्वास घेत होते. इथवर तुमचं म्हणणं मान्य, समजावून सांगणं झालं.

पण सहाव्या चॅप्टरमध्ये तिचंच दुसरं रूप समोर येतं तेव्हा ती पुन्हा पिसाचाच आधार घेते, आणि ते रूप ते पीस कापून टाकतं. तिला खाली दरीत फेकतं. जो उपाय खेळाने आपल्याला हाताने शिकवला तो ऐन वेळी चालत नाही. आणि नंतर त्याच चॅप्टरमध्ये पीस परत येतं ते उडण्याची शक्ती म्हणून. याला बोलून दाखवणं म्हणत नाहीत. संवाद थोडे शाळकरी आहेत, हे मीही म्हणेन. विशेषतः तिसऱ्या चॅप्टरमधल्या ओशिरोच्या हॉटेलात मला कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं.

शून्यावर_बाद
पीस कापलं जातं हे विसरलो होतो. एक गुण तुम्हाला.

ओशिरोबद्दल +१. चौथ्या चॅप्टरमधल्या वाऱ्याबद्दल तर बोलूच नका. वारा समोरून, उडी अर्धी, आणि खोली मोठी. तिथे खेळ उगीचच अंगावर येतो.

उलटी_उडी
वाऱ्याबद्दल सहमत. पाचव्यातल्या त्या अंधाऱ्या देवळात चाव्या शोधत फिरणंही मला रटाळ वाटलं. जो खेळ खोलीगणिक पुढे सरकण्यात पटाईत, तो तिथे भूलभुलैया करायला गेला आणि फसला. भूलभुलैया करावा तर होलो नाइटनेच.

त्यावरून आठवलं, होलो नाइटचा मॅप. नवीन भागात शिरलात की कागद कोरा. नकाशे काढणारा कॉर्निफर शोधायचा: जमिनीवर पडलेले कागदाचे कपटे दिसतात, मग त्याचं गुणगुणणं ऐकू येतं, आवाज मोठा होईल तिकडे जायचं. कानांनी वाट शोधायची ही कल्पना मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही, आणि भीतीदायक जागेत ते गुणगुणणं ऐकू आलं की कुणी ओळखीचं भेटल्यासारखं वाटतं. त्याच्याकडून मॅप घ्यायचा तोही अर्धवट. पुढचं रेखाटायला दुकानदार इझेल्डाकडून क्विल (पिसाची लेखणी) घ्यायचं. आणि आपण नेमके कुठे उभे आहोत हे कळायला कंपास हा चार्म लावायचा, जो एक नॉच (चार्म लावायची जागा, ती मोजकीच) खातो. एवढ्या मूलभूत गोष्टीसाठी नॉच? मला अजून पटत नाही.

बाकावरचा_किडा
नॉच खातो म्हणूनच मी वीस-एक तासांनी तो काढून टाकला. आणि काढला तेव्हा कळलं की मला त्याची गरजच उरलेली नाही. फुकट असता तर कधीच काढला नसता आणि कधीच कळलं नसतं.

साडेतीन_बटणं
दिसण्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून दोन ओळी. सेलेस्टमध्ये डॅश शिल्लक आहे की नाही हे मॅडलिनच्या केसांवरून कळतं: लाल असतील तर आहे, निळे झाले की संपला. वेगळा मीटर नाही, नजर पात्रावरून हलवावी लागत नाही. दम संपत आला की ती स्वतः लाल चमकते. एवढ्या मोजक्या पिक्सेलमध्ये इतकी माहिती बसवणं सोपं नाही. होलो नाइटचं हाताने काढलेलं चित्र अर्थातच जास्त देखणं, पण ग्रीनपाथ या हिरव्या भागात पुढच्या थरातली पानं आडवी आली की मी डोळे बारीक करून बसायचो. नायकाचा चेहरा पांढरा ठेवलाय म्हणून निभावतं.

आणि कुणी सेलेस्ट सुरू करणार असेल तर एक सांगतो: ॲनालॉग स्टिकऐवजी डी-पॅड वापरून बघा. आठच दिशा आहेत, स्टिकवर तिरका डॅश हमखास आडवा जातो. माझी निम्मी मरणं तिथेच झाली असतील.

तिसरा_डाव
सेलेस्टमधल्या लेना रेनच्या संगीताबद्दल तरी कुणी लिहा! समिटमध्ये, म्हणजे शिखराच्या चॅप्टरमध्ये, दर ५०० मीटरला आधीच्या एकेका चॅप्टरची चाल परत येते, आणि शेवटच्या टप्प्यात ३० पासून उलटे मोजत जाणारे झेंडे. दहाच्या खाली आले तेव्हा पोर उठलं होतं. मी त्याला मांडीवर घेऊन संपवला.

शून्यावर_बाद
हे आवडलं.

होलो नाइटचा पुढचा भाग सिल्कसाँग विसरलात सगळे. २०१९ मध्ये जाहीर झाला, सप्टेंबर २०२५ मध्ये हातात पडला, आणि आल्या आल्या लोक कशावरून भांडले? लास्ट जज या बॉसपर्यंत परत चालत जाण्यावरून! म्हणजे इतकी वर्षं टीम चेरीच्या कानावर ही तक्रार गेली असणारच, तरी त्यांनी ती वाट ठेवली. याचा अर्थ त्यांना ती चूक वाटत नाही. पटो न पटो, हे निष्काळजीपणातून आलेलं नाही.

उलटी_उडी
बरोबर. "दोष" हा माझा शब्द मागे घेते. दोष म्हणजे न कळता राहिलेली गोष्ट, ही तर हौसेने ठेवलीय. पण हौस त्यांची आणि वेळ माझा, हे राहतंच. साडेतीन_बटणं यांना त्या हौसेची किंमत अख्खा खेळ सोडून द्यावी लागली, हे किडाभाऊंनी कितीही तळी आणि नमस्कार दाखवले तरी पुसलं जात नाही.

त्यामुळे मूळ प्रश्नावर माझं उत्तर: नवखा असेल, वेळ तुटक असेल, हात दुखत असतील, तर सेलेस्ट. पहिल्या दहा मिनिटांतच कळतं की हा खेळ आपल्या बाजूचा आहे. होलो नाइट पहिले तीन-चार तास तर कुणाच्याच बाजूचा नसतो. सुरुवातीचा क्रॉसरोड्स हा भाग करडा, नायकाला धड डॅशही नाही, आणि मी तर ग्रीनपाथ येईपर्यंत नुसती ढकलत होते.

बाकावरचा_किडा
पहिल्या चार तासांबद्दल भांडणार नाही. मीही पहिल्या वेळी सोडला होता.

पण एक पैज. पुन्हा सुरू करा, या वेळी कंपास न लावता. एकदाही नाही. आणि मग या धाग्यावर येऊन सांगा.

उलटी_उडी
घेतली.

उलटी_उडी
नऊ दिवसांनी लिहितेय. कंपास लावलेला नाही, शपथ.

सोल मास्टर चौथ्या खेपेला गेला. ट्विस्टरांना मी एकदाही मारलं नाही, नुसती मधून निघून गेले. किडाभाऊ, हसू नका.

आता वाईट बातमी. मँटिसांच्या गावाखालून उत्साहाच्या भरात डीपनेस्ट या अंधाऱ्या भागात उतरले. मॅप नाही, कंदील घेतलेला नाही, कॉर्निफरचं गुणगुणणं एकदा ऐकू आलं आणि परत नाही. भिंतीतून काहीतरी खुडखुडत फिरतंय. मेले ते नेमकी कुठे हे मला सांगता येणार नाही, आणि सावलीकडे १८०० जिओ आहेत.

साडेतीन_बटणं
डीपनेस्टमध्ये एक बेंच आहे ना, गरम पाण्याच्या झऱ्यापाशी? कुठेतरी वाचलं होतं. थांबा, शोधून सांगतो, तिथे जायला

उलटी_उडी
सांगू नका!!